शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला की नाही हे बघायला आपण अख्खं पातेलं उपसत नाही. वरचं एक शीत बोटांत दाबायचं, मऊ लागलं की गॅस बंद. आईनं शिकवलं, आईला आजीनं शिकवलं, आणि आजवर कधी फसगत झाली नाही. पण हीच सवय मी स्वयंपाकघराबाहेर नेली आणि माझ्या ओळखीच्या एका बाईच्या हातातल्या दोन बांगड्या सराफाकडे गेल्या. कशा, ते सांगते. सांगताना मला लाज वाटते, पण सांगायला हवं.

आमच्या भागात बायकांची एक छोटी पतसंस्था आहे. बचत गटांतून उभी राहिलेली. मी तिच्या कर्ज समितीवर आहे. पूर्वी आमच्याकडे अर्ज म्हणजे फाइल. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायची, कधी चहाच्या कपाखाली दोन दिवस पडून राहायची. पण ती दिसायची तरी! "अगं, ती निळी फाइल कुठंय?" असं ओरडलं की कुणीतरी शोधून द्यायचं.

मग ठरलं, हे सगळं कॉम्प्युटरवर आणायचं. एका कंपनीनं आम्हाला कर्जाच्या अर्जाची पूर्ण साखळी बसवून दिली. एकीनं कागदपत्रं तपासून बटण दाबलं की अर्ज आपोआप दुसरीच्या यादीत. रक्कम पंचवीस हजारांपर्यंत असेल तर मॅनेजरबाईंकडे, जास्त असेल तर आमच्या समितीकडे. मंजूर झाला की जामीनदाराच्या मोबाइलवर संमतीसाठी मेसेज. तिनं होकार दिला की पैसे खात्यात जमा, आणि अर्जदाराला तसा निरोप. कुणी कुणाच्या मागे लागायला नको. आम्ही सगळ्या अगदी हरखून गेलो होतो.

सुरू करण्याआधी कंपनीचा मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही एकदा वापरून बघा आणि या कागदावर सही करा." हे काम माझ्याकडे आलं. मी दोन दुपारी बसले आणि एक-दोन नाही, चांगले बारा खोटे-खोटे अर्ज भरले. नऊ छोट्या रकमेचे, तीन मोठ्या रकमेचे. बाराच्या बारा सुरळीत गेले! एकही अडला नाही. मी झोकात सही केली, 'चाचणी समाधानकारक'. शीत मऊ होतं ना!

तीन महिने सगळं छान चाललं. मग २०२४च्या जुलैतल्या एका संध्याकाळी दाराशी आमच्या गटातल्या एक ताई उभ्या. चार घरी पोळ्यांची कामं करतात. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला, त्यासाठी चाळीस हजारांचं कर्ज मागितलेलं. मंजुरी आम्हीच दिली होती, मला चांगलं आठवत होतं.

"ताई, माझा अर्ज कुठं अडकलाय हो? फी भरायची तारीख परवा आहे."

मी म्हटलं, "अहो, तो तर केव्हाच मंजूर झालाय."

"ऑफिसात जाऊन आले. बाई म्हणतात, प्रक्रियेत आहे. तीन आठवडे झाले, प्रक्रियेतच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी ऑफिस गाठलं. खरंच, पडद्यावर शब्द एकच, 'प्रक्रियेत'. कुणाच्या यादीत बघावं तर कुणाच्याच नाही. मॅनेजरबाईंकडे नाही, तपासणीच्या मुलीकडे नाही, आमच्या समितीकडे नाही. चहाच्या कपाखालीसुद्धा नाही! कंपनीला फोन लावला, त्यांनी तिकडून शोधलं तेव्हा दुपारी उलगडा झाला.

त्याचं असं झालं होतं. त्या ताईंची जामीनदार म्हणजे त्यांची जाऊ. तिनं रिचार्ज केला नाही म्हणून तिचं सिमकार्ड बंद पडलेलं. संमतीचा मेसेज तिला मिळालाच नाही. आता सात दिवसांत संमती आली नाही तर काय करायचं, हे साखळीत लिहिलेलं होतं: अर्ज 'कर्ज विभाग' या गटाच्या यादीत जाईल, तिथली मुलगी अर्जदाराला फोन करून दुसरा जामीनदार विचारेल. अगदी शहाणपणाचं. फक्त एवढंच, की साखळीत त्या गटाचं नाव 'कर्ज विभाग' असं दोन शब्दांत होतं आणि आमच्या मुलींना ज्या गटात घातलं होतं त्याचं नाव 'कर्जविभाग', जोडून. माणसाला दोन्ही एकच. कॉम्प्युटरला मात्र हे दोन वेगळे गट. एक माणसांनी भरलेला, दुसरा रिकामा. अर्ज त्या रिकाम्या खोलीत जाऊन बसला होता. आणि साखळीच्या मते तो अडलेला नव्हताच, तो 'कुणीतरी उचलण्याची' वाट बघत होता.

तासाभरात दुरुस्ती झाली. पण पैसे हातात पडेपर्यंत फीची तारीख उलटून जाणार होती. ताईंनी त्याच संध्याकाळी बांगड्या गहाण ठेवून फी भरली. मला कळलं ते दोन दिवसांनी. तेही त्यांनी सांगितलं नाही, रिकामे हात बघून मी विचारलं.

रात्री झोप लागेना. कंपनीची चूक, हे खरंच. पण त्या कागदावर सही माझी होती.

हिंजवडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत माझी भाची टेस्टिंगचं काम करते. इतकी वर्षं मला वाटायचं, दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या म्हणजे काय मोठंसं काम! त्या शनिवारी ती घरी आली आणि मी तिच्यापुढे सगळं ओकून टाकलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "मावशी, तू बारा अर्ज भरलेस ते ठीक. पण किती वाटा चाललीस?"

"म्हणजे?"

"जुनं कॅलेंडर आण. आणि स्केचपेन."

कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर तिनं माझ्याकडून आमच्या पतसंस्थेची पूर्ण साखळी वदवून घेत चित्र काढलं. काम असेल तिथे चौकोन. 'हो की नाही' ठरवायचं असेल तिथे शंकरपाळ्यासारखा आकार. सुरुवात आणि शेवट गोल. ठरावीक दिवस थांबायचं असेल तिथे छोटंसं घड्याळ. आणि या सगळ्यांना जोडणारे बाण. अशी चित्रं काढायची जगभर एकच ठरलेली लिपी आहे म्हणे, 'बीपीएमएन' नावाची. २००४ मध्ये ती पहिल्यांदा आली आणि सध्या चालते ती दुसरी आवृत्ती २०११ची. गंमत म्हणजे हे चित्र नुसतं समजावण्यापुरतं नसतं. अशा चित्रावरूनच कॉम्प्युटर ती साखळी चालवू शकतो. शिवणाचा कागदी बेतच कपडा शिवून देतो म्हणा ना!

आमच्या चित्रात नऊ चौकोन आणि वीस बाण निघाले. तिनं माझ्या हातात हिरवं स्केचपेन दिलं. "आता तुझे बारा अर्ज ज्या-ज्या बाणावरून गेले, तो बाण रंगव. एकाच बाणावरून दहा वेळा गेलीस तरी एकदाच रंगवायचा."

मी रंगवत गेले. कागदपत्रं तपासली, पूर्ण आहेत. छोटी रक्कम, मॅनेजरबाई, मंजूर. मोठी रक्कम, समिती, मंजूर. जामीनदाराची संमती आली. पैसे जमा. निरोप. शेवट. रंगवून झालं आणि मोजलं. वीसांपैकी अकरा!

"पंचावन्न टक्के," भाची म्हणाली. "याला आमच्याकडे टेस्ट कव्हरेज म्हणतात. तुझ्या चाचणीनं साखळीचा किती भाग पायाखाली घातला, त्याचं माप."

मी उरलेल्या नऊ पांढऱ्या बाणांकडे बघत राहिले. कागदपत्रं अपुरी निघाली तर. ती कुणी आणून दिलीच नाहीत तर. अर्ज नामंजूर झाला तर. जामीनदार गप्प बसली तर. दुसरा जामीनदार मिळाला तर, न मिळाला तर. लक्षात आलं का तुमच्या? माझ्या बाराही अर्जांत सगळ्यांनी सगळीकडे 'हो' म्हटलं होतं! मी मनानं रचलेल्या बायकांची कागदपत्रं पूर्ण होती, त्यांचे जामीनदार तत्पर होते, कुणालाही नकार मिळाला नव्हता. अशी बाई आमच्या गटात एकही नाही.

आणि बारा अर्ज म्हणजे बारा चाचण्या, हा माझा हिशेबच चुकीचा. पहिल्या छोट्या अर्जानं नऊ बाण रंगले. मोठ्या रकमेच्या पहिल्या अर्जानं आणखी दोन. बाकीच्या दहा अर्जांनी काय केलं? काही नाही. रंगलेलेच बाण पुन्हा गिरवले. भात एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजतो, म्हणून एका शितावरून कळतं. इथे पातेली अनेक होती आणि मी एकाच पातेल्यातली बारा शितं दाबत बसले होते.

मग तिनं मला एक कोडं घातलं. "कमीत कमी किती अर्जांत वीसही बाण रंगतील?" मी म्हटलं, वीस तरी लागतील. ती हसली. उत्तर निघालं चार! पहिली बाई अशी: आधी कागद अपुरे, मग पूर्ण करते, छोटी रक्कम, मंजूर होते, जामीनदार गप्प, दुसरी जामीनदार मिळते, ती होकार देते, पैसे जमा. या एका बाईनं चौदा बाण रंगवले. दुसरी मोठी रक्कम मागते आणि समिती नकार देते, आणखी चार. तिसरी अपुरे कागद आणून देतच नाही, पंधरा दिवसांनी अर्ज बंद होतो, एक. चौथीला दुसरी जामीनदार मिळतच नाही, तिचाही अर्ज बंद होतो, एक. झाले वीस! मी दोन दुपारी घालवून पंचावन्न टक्के केलं, आणि विचार करून निवडलेल्या चार बायकांनी शंभर.

काय मोजायचं, यावरही आकडा बदलतो हं. चौकोन मोजले असते तर माझे नऊपैकी सहा झाले होते. म्हणजे सहासष्ट टक्के, जरा बरं दिसलं असतं. तिनं त्यातली खोच दाखवली. वरच्या चारपैकी फक्त पहिल्या दोन बायका घेतल्या तर नऊही चौकोन रंगतात. चौकोनांच्या हिशेबानं काम फत्ते! पण बाण मोजले तर दोन पांढरे राहतात, आणि ते कुठले? नेमके तेच, जिथे बाईचा अर्ज बंद करून टाकला जातो. ठिपक्यांच्या रांगोळीत सगळे ठिपके काढून झाले, म्हणजे रांगोळी झाली असं होतं का? रेघा जोडाव्याच लागतात.

"मग सगळे बाण रंगले की झालं?" मी विचारलं.

"नाही गं मावशी. बाण सगळे रंगले म्हणजे वाटा सगळ्या झाल्या असं नाही." कागद अपुरे असलेली बाई झाली, मोठी रक्कम मागणारी झाली. पण कागदही अपुरे, रक्कमही मोठी, जामीनदारही गप्प, अशी एकच बाई आली तर? एकापुढे एक असे दहा शंकरपाळे असले आणि प्रत्येकात दोन वाटा असल्या, तर एकूण वाटा होतात एक हजार चोवीस. त्यात 'पुन्हा मागे जा' असा फेरा असला तर मोजदादच नाही. म्हणून सगळ्या वाटा तपासणं जमत नाही. सगळे बाण मात्र जमतात, आणि एवढं तरी करायचंच असतं. त्यापुढे मग जिथे माणसाचं जास्त नुकसान होईल त्या वाटा आधी.

हे माप काढायची कल्पना फार जुनी आहे. १९६३ मध्ये जोन मिलर आणि क्लिफर्ड मॅलोनी या दोघांनी लेख लिहून ती मांडली होती. प्रोग्रामच्या प्रत्येक फांदीवरून एकदा तरी जाऊन आलात का, हे पद्धतशीर बघा, असं त्यांचं सांगणं. त्यातल्या जोन मिलर म्हणजे बाई, हे कळल्यावर मला उगाचच बरं वाटलं. आता हे रंगवण्याचं काम हातानं करावं लागत नाही. अशा साखळ्या चालवणारं 'कामुंडा' नावाचं बर्लिनच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर आहे, त्याला जोडायचं एक खास साधन मिळतं. चाचण्या चालवल्या की ते तुमच्याच चित्रावर चाललेली वाट रंगवून दाखवतं आणि टक्केवारी लिहून देतं. आणि सात दिवसांचं घड्याळ तपासायला खरेच सात दिवस थांबावं लागत नाही. चाचणीपुरतं कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे ढकलता येतं. मी मात्र तेव्हा म्हटलं होतं, "सात दिवस कोण थांबणार? जाऊ दे." ते 'जाऊ दे' आता कानात वाजतं.

यानंतर भाचीनं जे विचारलं, त्यानं मी खरी हादरले.

"समज, तू त्या वेळी तो जामीनदाराचा बाण रंगवला असतास. सात दिवस उलटले, अर्ज 'कर्ज विभाग'कडे गेला. बाण हिरवा. मग चूक सापडली असती?"

मी विचार केला. नसती सापडली! बाण रंगलाच असता. अर्ज खरोखरच तिथे गेला होता. फक्त तिथे माणूस नव्हता. ती चूक सापडायला, मुलीच्या टेबलापाशी जाऊन तिच्या यादीत ते काम दिसतंय का, हे डोळ्यांनी बघावं लागलं असतं.

रंग एवढंच सांगतो की इथून गेलो. गेल्यावर नीट बघितलं का, ते रंग सांगत नाही. देवळाला प्रदक्षिणा घातली म्हणजे दर्शन झालं असं नव्हे. म्हणून प्रत्येक चाचणीत दोन गोष्टी हव्यात, वाट चालणं आणि प्रत्येक मुक्कामाला काय दिसायला हवं ते आधी लिहून ठेवून ताडून बघणं. आणि एवढं करूनही चुका नाहीतच असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. एड्सगर डायक्स्ट्रा नावाच्या डच संगणकतज्ज्ञांनी फार पूर्वी बजावून ठेवलंय, की चाचणीनं चूक आहे हे दाखवता येतं, चूक नाहीच हे कधीच दाखवता येत नाही.

शिवाय चित्रच चुकलं असेल तर? भाचीनं ऑस्ट्रेलियातली हकिकत सांगितली. तिथल्या सरकारनं २०१६ पासून गरजूंना मिळणाऱ्या भत्त्याची वसुली मोठ्या प्रमाणावर आपोआप करायला सुरुवात केली. लोक त्याला 'रोबोडेट' म्हणू लागले. लोकांनी आपली कमाई दर पंधरवड्याला कळवलेली असायची. कॉम्प्युटर मात्र आयकर खात्याकडचा वर्षाचा आकडा घ्यायचा, तो सव्वीस पंधरवड्यांत सारखा वाटायचा आणि जिथे जुळणार नाही तिथे 'तुम्ही जास्त पैसे घेतलेत, परत करा' अशी नोटीस धाडायचा. आता हंगामी काम करणाऱ्या माणसाला सहा महिने पगार असतो, सहा महिने नसतो. त्याची कमाई सारखी वाटायची म्हणजे खोटंच की! नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयात अशी वसुली बेकायदा ठरली. मे २०२० मध्ये सरकारनं सुमारे चार लाख सत्तर हजार वसुल्यांचे पैसे परत करायचं जाहीर केलं. जुलै २०२३ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल आला, त्यात या योजनेवर कठोर ठपका आहे. लोकांनी सोसलेला मनस्ताप मात्र परत करता आला नाही. त्या साखळीतला एकेक बाण रंगवून बघितला असता तरी ही गोष्ट दिसली नसती. कारण कॉम्प्युटर सांगितलेलंच करत होता, सांगणंच चुकलं होतं. शंभर टक्के हे आपण काढलेल्या चित्राचे असतात, जगाचे नव्हेत.

असो. सोमवारी मी कॅलेंडर गुंडाळून पतसंस्थेत गेले. कंपनीचा मुलगा आधी थोडा गुरगुरला. "मॅडम, तुम्हीच तर ओके दिलं होतं." मी म्हटलं, "हो, दिलं होतं. ते परत घेते." पांढरे नऊ बाण त्याच्यापुढे ठेवले. मग तोही गप्प झाला, आणि चांगला पोरगा, रात्री बसून त्यानं कामही केलं. आम्ही त्या चार बायकांचे अर्ज चालवले, प्रत्येक मुक्कामाला कुणाच्या यादीत काय दिसायला हवं ते वहीत लिहून. आणखी दोन चुका सापडल्या. नकाराचा निरोप अर्जदाराऐवजी जामीनदाराला जात होता! म्हणजे कर्ज नामंजूर झाल्याचं बाईच्या आधी तिच्या जावेला, शेजारणीला कळलं असतं. आणि कागद अपुरे म्हणून अर्ज बंद झाला, तर बाईला निरोपच नव्हता. दोन्ही दुरुस्त झालं. वीसपैकी वीस.

पण ते ऑस्ट्रेलियाचं डोक्यात होतं. चित्र बरोबर आहे हे कोण सांगणार? मी? मीच तर सगळीकडे 'हो' म्हणणाऱ्या बायका कल्पिल्या होत्या! म्हणून महिन्याच्या बैठकीत ते कॅलेंडर भिंतीला लावलं आणि बायकांनाच विचारलं, "यात तुमच्या बाबतीत घडलेलं काय नाही?" सगळ्यांत आधी बोलल्या त्या बांगड्यावाल्या ताई. चित्राजवळ गेल्या, जामीनदाराच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"जामीनदार हो म्हणते, नाहीतर गप्प बसते, असं दिसतंय यात. नाही म्हणत नाही का कुणी? माझ्या पहिल्या कर्जाला शेजारणीनं तोंडावर नाही म्हटलं होतं."

सभेत सन्नाटा! कंपनी, मॅनेजरबाई, समिती, मी, माझी टेस्टिंगवाली भाची... कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. जामीनदाराला 'नाही' म्हणायला आमच्या साखळीत जागाच नव्हती. नको असेल तर तिनं गप्प बसायचं, आणि अर्जदारानं सात दिवस ताटकळायचं. नवा शंकरपाळा काढला. बाण वीसाचे बावीस झाले. जुन्या चार अर्जांनी त्यातले एकवीसच रंगत होते, म्हणजे टक्के शंभरावरून पंच्याण्णववर उतरले. माप खाली आल्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला. कारण आता चित्र जरा जास्त खरं होतं. मग पाचवी बाई रचली, जिची जामीनदार ठणकावून नाही म्हणते, आणि बावीसावा बाणही रंगवला.

ताईंचं कर्ज मिळालं, बांगड्या सुटल्या. सराफाचं महिन्याचं व्याज मात्र गेलं ते गेलं. मी ते देऊ केलं. त्यांनी माझा हात मागे सारला. म्हणाल्या, "पैसे नकोत ताई. पुढच्या वेळी तपासायला मला बोलवा. तुम्हाला अडचणी माहीत नाहीत."

बोलणं झोंबलं, पण खरं होतं. आता साखळीत काही बदल झाला की चाचणीला त्या येतात, आणखी दोघी येतात. कॉम्प्युटरला हात लावायला आधी घाबरायच्या. आता एकेक 'समजा' काढतात. समजा नवऱ्यानं फोन काढून घेतला. समजा आधार कार्डावर माहेरचं नाव आहे. समजा मध्येच पैशांची गरज राहिली नाही. प्रत्येक 'समजा'चा एक बाण होतो, नाहीतर तो का होत नाही याचं उत्तर द्यावं लागतं. मी वहीत लिहिते. आणि सही करायच्या आधी दोन प्रश्न विचारते: किती बाण रंगले, आणि रंगवताना कुणी काय बघितलं?

मैत्रिणींनो, आजकाल शाळेचे प्रवेश, गॅसचा नंबर, विम्याचा दावा, सगळं अशाच साखळ्यांतून जातं. 'प्रक्रियेत' हा शब्द आपण रोज वाचतो आणि मुकाट्यानं थांबतो. तुमच्या गटात, संस्थेत, सोसायटीत असं काही बसवायचं असेल आणि कुणी सहीसाठी कागद पुढे केला, तर आधी चित्र मागा. हिरवं स्केचपेन घ्या. ज्यांचं काम नेहमी अडतं त्यांना शेजारी बसवा.

भात अजूनही मी एका शितावरूनच बघते. ते कॅलेंडर मात्र पतसंस्थेच्या भिंतीवर तसंच आहे, पाठकोरी बाजू पुढे करून.